नखाएवढे कोठार

लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११ मिलिमीटर आणि जाडी अवघी १ मिलिमीटर. अंगठ्याच्या नखाएवढा हा काळा तुकडा तळहातावर ठेवला तर त्याचे वजनही जाणवत नाही आणि वाऱ्याच्या झोताने टेबलावरून उडून गेला तर तो शोधताना घरातील माणसांची पुरेवाट होते. मोबाइलच्या कुशीत बसणारे हे मेमरी कार्ड होय. पूर्वी जो ठेवा जपण्यासाठी भिंतीतील फडताळे, पत्र्याच्या पेट्या आणि छायाचित्रांचे जाडजूड संग्रह लागत, तो सारा आता या एवढ्याशा तुकड्यात मावतो. ही सोय मोठी खरी. परंतु पेटीला वाळवी लागली तर निदान भुसा तरी दिसतो. कार्ड बिघडते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही.

समजा, मावळातील एका घरी इयत्ता आठवीत शिकणारी एक मुलगी आहे. तिच्या आजीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. जाते केव्हाच पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसले होते. पण तांदूळ निवडता निवडता आजी गुणगुणू लागे आणि नात हळूच मोबाइल जवळ ठेवून तो आवाज टिपून घेई. असे करता करता दोन वर्षांत चाळीस ध्वनिमुद्रणे जमली. पुढे पौष महिन्यात आजी वारली. काही दिवसांनी आईला त्या ओव्या ऐकवाव्यात म्हणून मुलीने मोबाइल हाती घेतला, तो पडद्यावर सूचना झळकली : ‘कार्ड खराब झाले आहे. ते वापरण्यासाठी फॉरमॅट करावे काय?’ खाली दोनच शब्द होते, ‘होय’ आणि ‘नाही’.

‘होय’ या शब्दावर बोट टेकण्यास क्षणही लागत नाही. सूचना यंत्राने दिली आहे, तेव्हा ती आपल्या हिताचीच असणार, असे पुष्कळांना वाटते. यंत्राच्या मनात कपट नसते, हे कबूल. परंतु त्याला ते कार्ड पुन्हा वापरात आणावयाचे असते, कार्डातील ओव्यांशी त्याला कर्तव्य नसते. सुदैवाने त्या मुलीने बोट आवरले, मोबाइल बंद केला, कार्ड बाहेर काढले आणि ते कागदाच्या पुडीत घालून ती तालुक्याच्या गावी आपल्या मामांकडे गेली. मामांचे संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, “यावर त्यानंतर काही लिहिले गेले नाही ना?”

हा प्रश्न त्यांनी का केला, हे समजण्यासाठी कार्डाच्या पोटात काय चालते ते पाहिले पाहिजे.

या कार्डात वापरल्या जाणाऱ्या स्मृतीस फ्लॅश स्मृती म्हणतात. जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे अभियंते फुजिओ मासुओका हे तिचे जनक. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी ही कल्पना जगापुढे मांडली आणि १९८७ साली तिचा ‘नँड’ नावाचा प्रकार पुढे आणला. आजच्या कार्डांत असतो तो हाच प्रकार. या स्मृतीतील मजकूर एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून मासुओका यांच्या एका सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटाची आठवण झाली आणि त्यावरून ‘फ्लॅश’ हे नाव पडले. म्हणजे या स्मृतीचे बारसे झाले तेच मुळी तिच्या पुसले जाण्याच्या गुणावरून! पुढे १९९९ साली मात्सुशिता, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केले. मोबाइलमधील नखाएवढे कार्ड हे त्याचेच धाकटे भावंड.

कार्डातील सिलिकॉनच्या चकतीवर कोट्यवधी सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येक पेशीत एक बंदिस्त कप्पा असून त्याभोवती काचेसारख्या विद्युत्‌रोधक द्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. पुरेसा विद्युत्‌दाब दिला म्हणजे काही इलेक्ट्रॉन तो थर भेदून कप्प्यात शिरतात आणि दाब काढून घेतला की तेथेच अडकून पडतात. कप्पा भरलेला आहे की रिता, यावरून तेथे शून्य आहे की एक, हे वाचता येते. असे शून्य आणि एक ओळीने मांडले की त्यातून अक्षर, चित्र किंवा आवाज साकार होतो. कार्डाला वीज पुरवली नाही तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत. म्हणून खिशातल्या कार्डातही आजीचा आवाज राहतो.

या पेशींत लिहिण्याची तऱ्हा काहीशी चमत्कारिक आहे. कार्डात लिहिताना एकेक पान लिहिता येते. परंतु पुसताना एक पान वेगळे पुसता येत नाही, शेकडो पानांचा संपूर्ण गठ्ठा एकदम कोरा करावा लागतो. पाटीवर एकेक ओळ लिहावी, मात्र एक ओळ खोडायची झाली तरी अवघी पाटी धुवावी, त्यातलाच हा प्रकार. शिवाय प्रत्येक धुण्यागणिक पाटी थोडी झिजते. इलेक्ट्रॉन पुन्हा पुन्हा आरपार जाऊन तो काचेसारखा थर दुबळा होतो आणि अखेर त्याला गळती लागते. एका पेशीत एकच अंक साठवणाऱ्या जुन्या प्रकारात अशी पुसापुशी सुमारे एक लाख वेळा होऊ शकत असे. पुढे थोड्या जागेत अधिक माल भरण्यासाठी एकाच पेशीत दोन, तीन, चार अंक कोंबण्यात आले. कप्पा भरलेला की रिता एवढेच पाहून मग भागेना. तो पाव भरला आहे की पाऊण, हेही बारकाईने मोजावे लागू लागले. तीन अंकांच्या पेशीचे आयुष्य त्यामुळे एखाद्या सहस्र किंवा काही सहस्र धुण्यांपर्यंत उतरले. कार्डे स्वस्त झाली, त्यांचे पोट वाढले आणि त्यांची प्रकृती नाजूक झाली.

न वापरलेले कार्डही कायम टिकते असे नाही. कोंडलेले इलेक्ट्रॉन अत्यंत मंद गतीने का होईना, पण निसटतच असतात. उष्णतेने हा वेग वाढतो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या खणात विसरलेले कार्ड आणि कपाटाच्या थंड कप्प्यात ठेवलेले कार्ड यांचे आयुष्य म्हणून सारखे नसते. लग्नाची छायाचित्रे कार्डात घालून ते कार्ड दागिन्यांच्या डबीत वर्षानुवर्षे जपून ठेवणारी माणसे आढळतात. त्यांना वाटते, सोन्याशेजारी ठेवले म्हणजे तेही सोन्यासारखेच टिकेल.

एवढ्या नाजूक मालाचा सांभाळ करण्यासाठी कार्डात एक कारभारीही नेमलेला असतो. हा कारभारी म्हणजे एक छोटा संगणकच होय. कोणती माहिती कोणत्या गठ्ठ्यात ठेवली याची नोंद तो ठेवतो. एकच जागा वारंवार झिजू नये म्हणून नवी माहिती निरनिराळ्या जागी वाटून देतो. माहितीबरोबर काही जादा अंक लिहून ठेवतो आणि त्यांच्या आधारे दोनचार अंक चुकले तरी गणिताने ते दुरुस्त करतो. बाहेरच्या मोबाइलला यातले काहीही कळत नाही. घरातील भांडणे बाहेर जाऊ न देणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्यासारखा हा कारभारी वर्षानुवर्षे सारे निभावून नेतो आणि त्याच्या हाताबाहेर गेले की एकाएकी सगळेच उघडे पडते. कार्ड काल चांगले होते आणि आज बिघडले असे जे आपणास वाटते, त्याचे कारण बहुधा हेच असते. कित्येक कार्डांचा कारभारी तर अखेरच्या दिवसांत नवे लिहिणेच बंद करतो. तेव्हा फाइल पुसली तरी ती परत उगवते, नवे छायाचित्र घेतले तरी ते दुसऱ्या वेळी दिसत नाही. हे भुताटकीसारखे वाटले तरी ती कार्डाने दिलेली पूर्वसूचना समजावी आणि आतला माल त्याच दिवशी दुसरीकडे हलवावा.

पेशी झिजणे किंवा कारभारी निकामी होणे हे बिघाडाचे दोन प्रकार झाले. तिसरा प्रकार या दोहोंहून निराळा आणि फार वारंवार आढळणारा आहे. कार्डातील मालाच्या आरंभी एक यादी असते. कोणती फाइल कोठून सुरू होते, तिचे पुढचे तुकडे कोठे आहेत, कोणती जागा मोकळी आहे, हे सर्व त्या यादीत असते. मोबाइल जेव्हा ‘कार्ड खराब’ असे म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला एवढेच म्हणावयाचे असते की, ही यादी मला वाचता येत नाही. लिहिणे चालू असताना कार्ड उपसून काढले किंवा बॅटरी ऐनवेळी संपली, तर यादी अर्धवट लिहिलेली राहते. माल मात्र जागच्या जागी असतो.

पुण्यातील पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कल्पना करावी की, त्या दप्तराची सूची एखाद्या रात्री नाहीशी झाली. सकाळी आलेल्या अभ्यासकास एकही कागद सापडणार नाही. परंतु म्हणून कागद जळाले असे कोणी म्हणणार नाही. अशा वेळी कोणी ‘सूची नाही, सबब दप्तर रिकामे समजावे आणि नवे कागद आणून भरावेत’ असा हुकूम काढला, तर त्यास काय म्हणावे? मोबाइलची ‘फॉरमॅट करावे काय’ ही पृच्छा जवळजवळ याच जातीची आहे. फॉरमॅट करणे म्हणजे बहुधा नवी, कोरी यादी मांडणे. जुना माल तिच्याखाली काही काळ तसाच पडून राहतो. पण त्या जागा मोकळ्या म्हणून नोंदल्या गेल्यामुळे पुढचे पहिलेच छायाचित्र त्यावर येऊन बसू शकते. काही यंत्रे तर मोकळी म्हणून नोंदलेली जागा लगोलग धुवूनही टाकतात.

एखादी फाइल चुकून पुसली जाते तेव्हाही प्रथम यादीतच फेरफार होतो. जुन्या पद्धतीच्या यादीत तर फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर काढून तेथे २२९ हा अंक लिहितात आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदतात; प्रत्यक्ष फाइलीला हातही लावीत नाहीत. मामांनी केलेल्या पहिल्या प्रश्नाचे मर्म हे असे आहे. गेलेली वस्तू तेथेच आहे. तिच्यावर दुसरी वस्तू ठेवली गेली नाही तोवरच ती आहे.

यादीच्या घोटाळ्यामुळे एकदा मंगळ ग्रहावरील यंत्र अडून बसले होते. अमेरिकेतील नासा या संस्थेचे ‘स्पिरिट’ हे सहा चाकांचे रोव्हर २००४ सालच्या ४ जानेवारीस मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरले. त्याच्याजवळ २५६ मेगाबाइट क्षमतेची फ्लॅश स्मृती होती. आजच्या साध्या कार्डापुढे ती काहीच नव्हे. पण रोव्हरने टिपलेली छायाचित्रे आणि मोजमापे तीतच साठत. २१ जानेवारीस रोव्हर बोलेनासे झाले. पृथ्वीवरून हाक मारली तर कधी नुसता हुंकार येई, कधी निरर्थक अंकांची मालिका येई, कधी काहीच येत नसे. कॅलिफोर्नियातील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत बसलेल्या अभियंत्यांना कोट्यवधी किलोमीटरांवरून या रोगाचे निदान करावयाचे होते.

हळूहळू उलगडा झाला. पृथ्वीवरून निघाल्यापासून साठत आलेल्या फाइलींची संख्या फार वाढली होती. संगणक सुरू झाला की तो फ्लॅश स्मृतीतील यादी चाळू लागे. ती मांडण्यास त्याच्या चालू कामाची स्मृती पुरत नसे. मग तो अडखळून बंद होई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. असे साठाहून अधिक वेळा घडले. या खटाटोपात रोव्हरला रात्री नीट झोपही घेता येईना आणि त्याची बॅटरी उतरत चालली. तेव्हा अभियंत्यांनी त्यास आज्ञा केली, फ्लॅश स्मृतीकडे न पाहताच सुरू हो. ती मात्रा लागू पडली. रोव्हर शांत झाले, तेव्हा त्यांनी घाईने सारे पुसून टाकले नाही. बिघाडाचे कारण कळेल एवढी माहिती त्या स्मृतीतून प्रथम मिळवली, जुन्या फाइली काढल्या आणि मगच ६ फेब्रुवारीच्या सुमारास ती स्मृती फॉरमॅट केली. म्हणजे फॉरमॅट त्यांनीही केले. फक्त पहिल्या क्षणी नव्हे, तर शेवटी. नव्वद मंगळदिवसांच्या कामगिरीवर पाठवलेले ते रोव्हर त्यानंतर २०१० सालच्या मार्चपर्यंत पृथ्वीशी बोलत राहिले.

त्याचे जुळे भावंड ‘ऑपॉर्च्युनिटी’ याच्या वाट्याला मात्र खरी झीज आली. दहा वर्षांच्या वापरानंतर २०१४ साली त्याच्या फ्लॅश स्मृतीतील पेशी दगा देऊ लागल्या. सुमारे २० कोटी किलोमीटरांवरून त्याची स्मृती फॉरमॅट करण्यात आली. तथापि झिजलेला थर पुन्हा जाड कसा व्हावा? पुढे पुढे फ्लॅश स्मृती सोडून देऊनच काम चालवावे लागले. दिवसभरात जे टिपले ते निजण्यापूर्वी पृथ्वीकडे धाडले नाही, तर सकाळपर्यंत त्यातले काही उरत नसे. अशा अवस्थेतही त्या रोव्हरने २०१८ सालच्या जूनपर्यंत काम केले.

आता मामांच्या दुकानात परत येऊ. त्यांनी कार्डाचे सोनेरी पट्टे प्रथम भिंगाखाली पाहिले आणि कोरड्या मऊ फडक्याने टिपले. कारण घामाच्या किंवा धुळीच्या एका पुटानेही कार्ड मुके होऊ शकते. मग दुसऱ्या वाचकयंत्रात ते लावून पाहिले. पुष्कळदा दोष कार्डाचा नसून ते वाचणाऱ्या खोबणीचा असतो आणि एवढ्यावरच काम भागते. येथे तसे घडले नाही. संगणकाने कार्ड ओळखले, पण ‘यात दोष आहेत, दुरुस्त करू काय’ असे तोही विचारू लागला. मामांनी त्यालाही ‘नाही’ म्हटले. ही दुरुस्ती कार्डावरच लिहून केली जाते आणि आजारी कार्डावर लिहिणे म्हणजे जखमेवरच पट्टीऐवजी घाव घालणे होय. मोठ्या आकाराच्या कार्डाच्या आणि जोडखोक्याच्या कडेला लिहिणे थांबवणारी एक बारीक कळ असते. ती ओढून घ्यावी. मात्र ती कळ कार्डाच्या आतील कशालाही बांधलेली नसते, वाचकयंत्राने तिचा मान राखावयाचा असतो. सर्वच यंत्रे तो राखतात असे नाही.

यानंतर मामांनी जे केले तेच या साऱ्या विद्येचे सार आहे. त्यांनी ओव्या शोधण्यास आरंभच केला नाही. प्रथम संपूर्ण कार्डाची, पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत, जशीच्या तशी नक्कल आपल्या संगणकात उतरवून घेण्यास त्यांनी सुरुवात केली. यादी, माल, मोकळी जागा, केरकचरा, सगळे त्यात आले. अशा नकलेस प्रतिमा म्हणतात. एकदा प्रतिमा मिळाली की तिच्यावर हजार प्रयोग करता येतात. एक फसला तर दुसरी नक्कल काढता येते. मूळ कार्डावर मात्र प्रत्येक प्रयोग हा त्याच्या उरलेल्या आयुष्यातून खर्च करावा लागतो.

साध्या रीतीने नक्कल काढू लागले तर पहिल्या खराब जागेशीच संगणक अडून बसतो आणि पुन्हा पुन्हा तीच जागा वाचण्याचा हट्ट धरतो. तेवढ्यात कार्ड कायमचे गेले तर पुढचा चांगला भागही हातचा जातो. म्हणून यासाठी वेगळी साधने आहेत. त्यांपैकी ‘डीडीरेस्क्यू’ हे अंतोनिओ दियास दियास यांनी लिहिलेले आणि कोणासही विनामूल्य वापरता येणारे साधन प्रसिद्ध आहे. त्याची रीत मोठी समंजस आहे. जे सहज वाचता येते ते ते आधी भराभर उचलते आणि अडचणीची जागा आली की तिला वळसा घालून पुढे जाते. चांगला सारा माल सुखरूप झाला की मग ते मागे सोडलेल्या जागांकडे वळते, त्यांच्या कडा कुरतडत कुरतडत आत शिरते आणि अगदी शेवटी उरलेल्या बारीक तुकड्यांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कोणती जागा वाचली, कोणती राहिली, याचा एक नकाशाही ते लिहीत जाते. मध्येच वीज गेली किंवा कार्ड तापले म्हणून थांबावे लागले, तर नकाशा पाहून तेथूनच पुढे जाता येते. पूर आलेल्या गावातून माणसे हलवताना पहिली नाव छपरावर उभ्या असलेल्यांसाठी सोडतात, भिंतीखाली अडकलेल्याला काढण्याचे काम नंतर हाती घेतात; कठोर वाटला तरी हा क्रम अधिक जीव वाचवतो.

मुलीने विचारले, “मामा, किती वेळ लागेल?”

“आज रात्रभर तर चालेल, बाळ. उद्या सांगतो. तू घाई केली नाहीस, हेच पुष्कळ झाले.”

दुसऱ्या दिवशी प्रतिमेचा फार मोठा भाग उतरला होता. काही जागा रित्या राहिल्या होत्या. आता मूळ कार्ड बाजूस ठेवून मामांनी प्रतिमेतील यादी तपासली. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांवर सामान्यतः जी यादीची पद्धत असते तीत तुकड्यांच्या नोंदीची वही दोन प्रतींत ठेवलेली असते. एक फाटली तर दुसरीवरून काम चालते. त्याहून मोठ्या कार्डांवर जी नवी पद्धत असते तीत ही वही बहुधा एकाच प्रतीत असते. नवे ते सर्वच बाबतींत सुरक्षित, असे समजण्याचे कारण नाही. या मुलीचे कार्ड मोठ्या जातीचे होते आणि यादीचा आरंभच वाचता न आलेल्या जागेत गेला होता.

यादी मिळत नाही तेव्हा मोडी दप्तरातील युक्ती कामास येते. सूची नसली तरी जुन्या पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ असते, मायना असतो आणि शेवटी मोर्तब असते. त्यावरून जाणता माणूस एक पत्र कोठे सुरू झाले आणि कोठे संपले ते ओळखतो. संगणकातील फाइलींचेही असेच मायने ठरलेले आहेत. छायाचित्रासाठी सर्वत्र वापरली जाणारी जेपेग जातीची फाइल २५५ आणि २१६ या दोन अंकांनी सुरू होते आणि २५५ व २१७ या दोन अंकांनी संपते. ध्वनी, चित्रफिती, दस्तऐवज, प्रत्येकाच्या कपाळी अशी काही खूण असते. ‘फोटोरेक’ हे क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे साधन यादीकडे ढुंकूनही न पाहता प्रतिमा आरंभापासून चाळते आणि अशा खुणा दिसतील तेथून फाइली उचलून वेगळ्या जागी ठेवते. हेही विनामूल्य मिळते. उचललेला माल ठेवताना तो त्याच कार्डावर ठेवू नये, हे सांगावयास नको असे वाटेल. पण घाईत ही चूक करणारे थोडे नाहीत. एक ओवी वाचवून ती दुसऱ्या ओवीवर ठेवली, तर काय साधले?

या पद्धतीला मर्यादा आहेत. फाइलीचे नाव यादीत असते, फाइलीत नसते. म्हणून नावे परत येत नाहीत. त्याऐवजी फाइल कोठे सापडली ते दाखवणारा एक लांबलचक अंक नाव म्हणून मिळतो. छायाचित्राच्या पोटात ते काढल्याची तारीख बहुधा लिहिलेली असते, तेवढी वाचते. फाइल एकसंध असली तर सुखाने मिळते; तिचे तुकडे निरनिराळ्या जागी पडलेले असले तर पहिल्या तुकड्यानंतर भलत्याच फाइलीचे अंक चिकटतात आणि निम्मे छायाचित्र आजोबांचे, तर निम्मे धूसर पट्ट्यांचे निघते. मोबाइलवरील ध्वनिमुद्रणाची आणखी एक गंमत आहे. त्यात कोणता आवाज कोठे आहे याची अनुक्रमणिका पुष्कळदा मुद्रण संपल्यावर शेवटी लिहिली जाते. मुद्रण मध्येच तुटले तर आवाज सगळा असतो, पण अनुक्रमणिकेवाचून तो वाजत नाही. ती नव्याने रचावी लागते.

कारभारीच मेला असेल आणि संगणक कार्डास ओळखतच नसेल, तर घरगुती उपाय संपतात. मग विशेष प्रयोगशाळांत कार्डावरील लाखेसारखा थर खरवडून आतील तांब्याचे सूक्ष्म बिंदू उघडे करतात, त्यांना केसाहून बारीक तारा जोडतात आणि कारभाऱ्यास वगळून थेट पेशींतील अंक वाचतात. पण ते अंक कारभाऱ्याने आपल्या रीतीने विस्कटून ठेवलेले असतात. ते पुन्हा ओळीने लावणे हे दिवसचे दिवस चालणारे आणि खर्चाचे काम आहे. दोन प्रकारांत तर तेही व्यर्थ होते. २०१५ सालच्या अँड्रॉइड सहापासून मोबाइलला कार्ड आपल्याच अंगाचा भाग करून घेण्याची सोय मिळाली. असे कार्ड मोबाइल कुलूपबंद करून ठेवतो आणि किल्ली मोबाइलमध्येच असते. मोबाइल नष्ट झाला की कार्डातील अंकांना अर्थ राहत नाही. दुसरा प्रकार बनावट कार्डांचा. वर ५१२ गिगाबाइट छापलेले आणि आत जेमतेम १६ गिगाबाइटची जागा असलेले कार्ड बाजारात निम्म्याहून कमी किमतीस मिळते. खरी जागा भरेपर्यंत ते इमानाने वागते. त्यापुढचे सारे हवेत लिहिले जाते किंवा आधीच्याच मजकुरावर गिरवले जाते. जे कधी साठवलेच गेले नाही, ते कोणती विद्या परत आणणार?

मुलीचे कार्ड सुदैवाने यांपैकी नव्हते. चाळीस ध्वनिमुद्रणांपैकी एकतीस पूर्ण निघाली, पाच अर्धवट मिळाली, चारांचा पत्ता लागला नाही. मामांनी ती सर्व दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून दिली, एक प्रत घरी ठेवण्यास आणि एक शाळेच्या संगणकावर ठेवण्यास. मूळ कार्ड त्यांनी लहानशा पाकिटात घालून त्यावर ‘वापरू नये’ असे लिहिले आणि तेही तिच्या हाती दिले.

फाइलींची नावे गेल्यामुळे कोणत्या अंकाखाली कोणती ओवी आहे, ते ऐकूनच ठरवावे लागणार होते. त्या रविवारी दुपारी मायलेकी वही घेऊन बसल्या. एकेक अंक उघडावा, आजीचा आवाज यावा, आईने ओवीचा पहिला शब्द सांगावा आणि मुलीने तो लिहून घ्यावा, असे संध्याकाळपर्यंत चालले. सतराव्या मुद्रणात ओवी मध्येच तुटली, तेव्हा पुढचा चरण आईने म्हटला.